सोन्याचं वय सांगते त्याची सोबतीण



मागच्या भागात आपण हॉलमार्कबद्दल बोललो. ९१६ म्हणजे बावीस कॅरेट, तो आकडा दागिन्यावर कुठे शोधायचा, पावती का जपून ठेवायची, हे सगळं झालं. कार्यक्रम संपला आणि एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या वस्तीत दुपारच्या वेळी दोन माणसं आली होती. पायाचं खोदकाम करताना हंडा सापडला म्हणाली, त्यातली ही सोन्याची माळ. "दोनशे वर्षांपूर्वीचं सोनं आहे बाई, मशीनवर तपासलंय, वय निघालंय." हिनं दार लावून घेतलं. पण शेजारणीनं स्वतःच्या गळ्यातली पोत आणि वर थोडे पैसे देऊन ती माळ घेतली. संध्याकाळी सराफानं कसोटीवर घासून सांगितलं, पितळ आहे.

फोनवर मैत्रीण म्हणाली, "फसवणूक झाली ते कळलं. पण मला एक सांगा, सोन्याचं वय खरंच मशीनवर निघतं का?"

प्रश्न इतका चांगला होता, की आम्ही सगळ्याजणी कामाला लागलो. पुस्तकं चाळली, भूगोल-विज्ञान शिकवणाऱ्या मैत्रिणींना त्रास दिला. उत्तर थोडक्यात असं: सोन्याचं वय निघतं, पण सोनं स्वतः ते सांगत नाही. त्याच्यासोबत जमिनीत आलेली दुसरी खनिजं सांगतात. ते कसं, ते आज पाहू.

कोणतं वय?

आधी एक गोंधळ दूर करू. सोन्याला एक नाही, तीन वयं असतात.

पहिलं वय सोन्याच्या कणांचं, म्हणजे अणूंचं. सोनं पृथ्वीवर तयार झालेलं नाही. ते अवकाशात, ताऱ्यांच्या महाभयंकर उलथापालथीत तयार झालं आणि पृथ्वी घडत असताना तिच्यात आलं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. तुमच्या कानातल्या बाळीतलं सोनं त्याहूनही जुनं आहे. या हिशेबानं जगातलं सगळंच सोनं जुनं!

तिसरं वय दागिन्याचं. सोनाराने तो कधी घडवला, एवढंच.

या दोन्हींच्या मधलं वय म्हणजे खाणीतल्या सोन्याचं. जमिनीत विखुरलेलं सोनं एका जागी कधी गोळा झालं? एक टन साध्या खडकात सोनं असतं ते काही हजारांश ग्रॅम. खाण परवडायला टनामागे काही ग्रॅम तरी लागतं. म्हणजे कुणीतरी ते हजारपट गोळा केलेलं असतं. हे 'कुणीतरी' बहुतेक वेळा जमिनीच्या पोटातलं गरम पाणी असतं. खूप खोलवर, काहीशे अंश तापमानाचं, गंधक विरघळलेलं पाणी खडकांतून जाताना सोनं उचलतं आणि भेगांमधून वर येतं. वाटेत लोहयुक्त खडक भेटला, की पाण्यातलं गंधक लोखंडाला धरतं, त्याचा पिवळा चकचकीत पायराईट बनतो, आणि निराधार झालेलं सोनं तिथेच बसतं. भेगेत गारगोटी साचते, कडेला काळं अभ्रक तयार होतं. ही घटना कधी घडली, ते शास्त्रज्ञांना हवं असतं.

सोन्याला घड्याळ का नाही?

आता एक शब्द शिकू: समस्थानिक. एकाच मूलद्रव्याचे अणू, गुण सारखे, पण वजनात थोडा फरक. सख्ख्या भावंडांसारखे. एकाच घरातले, एकाच आडनावाचे, फक्त एक जण अंगानं जरा जड. काही भावंडं स्थिर असतात, आहेत तशीच राहतात. काही अस्थिर असतात. ती ठरलेल्या गतीनं बदलून दुसरंच मूलद्रव्य होतात. यांनाच किरणोत्सारी म्हणतात. युरेनियम बदलत बदलत शेवटी शिसं होतं. पोटॅशियमचा एक प्रकार बदलून अर्गॉन नावाचा वायू होतो. रेनियम बदलून ऑस्मियम होतं.

सोन्याचं मात्र नैसर्गिक भावंडच नाही. निसर्गात सोनं एकाच वजनाचं सापडतं, १९७, आणि ते पक्कं स्थिर. कोट्यवधी वर्षं गेली तरी ते बदलत नाही. म्हणून तर ते काळं पडत नाही, गंजत नाही असं नव्हे हं, तो त्याचा रासायनिक गुण झाला. पण ज्याच्यात आतून काहीच बदलत नाही, त्याच्याकडे पाहून किती काळ गेला ते कसं कळणार? सोन्यात घड्याळ नाही ते असं.

टोमॅटोची टोपली

घड्याळ असतं तरी कसं? समजा, एका टोपलीत ६४ हिरवे टोमॅटो झाकून ठेवले. आणि समजा, त्यांचा नियम असा, की दर आठवड्याला उरलेल्या हिरव्यांतले निम्मे लाल होतात. एका आठवड्यानं ३२ हिरवे, ३२ लाल. दोन आठवड्यांनी १६ हिरवे, ४८ लाल. तीन आठवड्यांनी ८ हिरवे, ५६ लाल. आता तुम्ही गावाला जाऊन आलात, झाकण काढलं आणि १६ हिरवे, ४८ लाल दिसले. टोपली कधी भरली हे कुणाला विचारायची गरज नाही. दोन आठवडे झाले!

निम्मे बदलायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. युरेनियमच्या २३८ वजनाच्या भावंडाचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, २३५ वजनाच्या भावंडाचं सुमारे ७० कोटी वर्षं. पोटॅशियम-४० चं १२५ कोटी. रेनियमचं तर ४,१६० कोटी वर्षं.

पण या हिशेबाला तीन अटी आहेत, आणि त्या ध्यानात ठेवा, कारण सगळे वाद त्यांवरूनच होतात. एक, सुरुवातीला टोपलीत लाल टोमॅटो नव्हते, किंवा किती होते ते काढता येतं. दोन, मधल्या काळात कुणी टोपली उघडून त्यातले काढले नाहीत की टाकले नाहीत. तीन, टोपली ज्या दिवशी भरली, त्याच दिवसाचं वय आपल्याला हवं आहे.

पहिल्या अटीत निसर्ग आपल्याला मदत करतो. झिरकॉन नावाचं खनिज तयार होताना युरेनियमला घरात घेतं, शिशाला जवळजवळ घेतच नाही. मग आज त्यात जे शिसं सापडतं, ते आतल्या युरेनियमचंच झालेलं. मोनाझाईट हे दुसरं खनिजही असंच उपयोगी. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते सापडतं, हे तुम्ही कदाचित शाळेत शिकला असाल. आणि युरेनियमची दोन भावंडं दोन वेगळ्या गतीनं चालतात, त्यामुळे एकाच कणात दोन घड्याळं मिळतात. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील, तर टोपली उघडली गेलेली नाही याची खात्री पटते.

हट्टीची गोष्ट

आता खऱ्या खाणीत जाऊ. सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात हट्टी आहे. कोलारची खाण २००१ साली बंद झाली, हट्टीची आजही चालू आहे. हा भाग फार पूर्वीपासून सोन्याचा. जवळच मस्कीला सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. तो १९१५ साली सापडला, तोही सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या एका इंजिनिअरला. हट्टीच्या जुन्या खोदकामात जे लाकूड मिळालं, त्याचं वय कार्बनच्या पद्धतीनं सुमारे दोन हजार वर्षं निघालं.

इथे थांबा. दोन हजार वर्षं हे सोन्याचं वय का? नाही. ते माणसांनी खणलं त्याचं वय. कार्बनची पद्धत फक्त एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना लागू पडते: लाकूड, हाड, धान्य, कापूस. तेही सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतच. दगडाला आणि धातूला ती चालत नाही. म्हणून कुणी "सोन्याची कार्बन टेस्ट केली" म्हणालं, की तिथेच ओळखा.

मग हट्टीचं सोनं जमिनीत कधी बसलं? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांबरोबर हे काम केलं आणि २००८ साली ते प्रसिद्ध झालं. त्यांनी आधी तिथल्या ज्वालामुखीतून झालेल्या खडकातले झिरकॉनचे कण तपासले. वय आलं सुमारे २५९ कोटी वर्षं. हे खडकाचं वय, म्हणजे घराचं. सोनं त्या घरात नंतर राहायला आलं असेल, तर त्याचं वय वेगळं निघणार.

म्हणून त्यांनी सोन्याची सोबतीण शोधली. सोनं बसलं तेव्हा गरम पाण्यानं जिथे खडकाचं रूप बदललं, त्याच पट्ट्यात, त्याच खनिजांबरोबर वाढलेले मोनाझाईटचे कण. हे कण उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत. खडकाचा कागदासारखा पातळ काप करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, कोण कुणाच्या आत आहे, कोण कुणाला छेदून गेलं आहे, ते टिपायचं. मगच खोलीभर मोठ्या यंत्रात त्या कणावर आयनांचा बारीक झोत सोडायचा. झोतानं केसाच्या जाडीपेक्षाही लहान खड्डा पडतो. त्यातून उडालेले अणू वजनाप्रमाणे वेगळे होतात आणि मोजले जातात. किती युरेनियम, किती शिसं.

उत्तर आलं सुमारे २५५ कोटी वर्षं, इकडे-तिकडे एक कोटी. इतक्या काळात काय होतं पाहा. युरेनियम-२३८ चे शंभर अणू असतील तर साधारण ६७ उरतात, ३३ शिसं होतात. युरेनियम-२३५ च्या शंभरांतले जेमतेम ८ उरतात. एका घड्याळात थोडेच टोमॅटो लाल, दुसऱ्यात जवळजवळ सगळे, आणि दोन्ही सांगतात तोच काळ.

खडक २५९, सोनं २५५. फरक चार कोटी वर्षांचा. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा बनला तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या मानानं चार कोटी म्हणजे किती मोठा काळ, ते लक्षात येईल. नुसतं खडकाचं वय काढून 'हेच सोन्याचं' म्हटलं असतं, तर केवढी चूक झाली असती! त्या फरकातून एक मोठी गोष्ट कळली. हट्टीचं सोनं ज्वालामुखीनं ओतलेलं नाही. ज्वालामुखी शांत झाल्यावर, पुढे खडकांवर प्रचंड दाब येऊन त्यांना भेगा पडल्या, आणि त्या भेगांतून आलेल्या गरम पाण्यानं ते आणलं. गदगच्या सोन्याचं वय अशाच पद्धतीनं सुमारे २५२ कोटी वर्षं निघालं. म्हणजे दक्षिणेतल्या या जुन्या खडकांत साधारण त्याच काळात सोनं बसत होतं. नवं सोनं शोधणाऱ्याला यातून दिशा मिळते: कुठल्याही भेगेत नको, त्या काळच्या भेगांत शोध.

सोबतीण खरी की वाटेत भेटलेली?

आमच्या बायकांच्या भाषेत सांगायचं तर हा सगळा प्रश्न सोबतीचा आहे. लग्नाचं वय विचारायचं असेल तर त्याच मांडवात असलेल्या बाईला विचारावं. आधीपासून त्या घरात असलेल्या आजेसासूला विचारून चालत नाही, आणि नंतर आलेल्या धाकट्या सुनेलाही नाही. दोघीही खरंच बोलतील, पण आपापल्या वेळेचं.

काही सोबतिणी विसराळू असतात. अभ्रकाचं उदाहरण घ्या. अभ्रकात पोटॅशियम भरपूर. त्यातलं दहा हजारांत एखादंच भावंड अस्थिर, पण तेवढं पुरतं. त्याचा अर्गॉन वायू अभ्रकाच्या पापुद्र्यांत अडकून राहतो आणि तो मोजून वय काढतात. मात्र पुढे कधी जमीन पुन्हा तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापली, तर झाकण सैल झालेल्या कुकरसारखा तो वायू निघून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मग अभ्रक सोनं बसल्याचं नव्हे, शेवटच्या तापण्याचं वय सांगतं. झिरकॉन आणि मोनाझाईट त्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसून आतलं शिसं धरून ठेवतात. म्हणून जाणकार एकाच सोबतिणीवर विसंबत नाहीत. दोघी-तिघींना विचारतात आणि त्यांचं जुळतं का पाहतात.

घरापेक्षा पाहुणा थोरला

सोबतिणीचा प्रश्न किती महत्त्वाचा असतो, ते दक्षिण आफ्रिकेत दिसलं. जोहान्सबर्ग शहर ज्या सोन्यावर उभं राहिलं, ते विटवॉटर्सरँडचं सोनं १८८६ साली सापडलं. माणसानं आजवर जमिनीतून काढलेल्या सोन्यापैकी साधारण तिसरा हिस्सा या एका भागातला आहे. इथला खडकही गमतीचा. गुळगुळीत पांढरे गोटे एकमेकांत घट्ट चिकटलेले. तिथल्या लोकांनी त्याला बदाम घातलेल्या एका मिठाईचं नाव दिलं, 'बँकेट'. आपण असतो तर शेंगदाण्याची चिक्की म्हटलं असतं.

गोटे गुळगुळीत, म्हणजे नदीनं घासलेले. मग सोनंही नदीनंच वाहून आणलं का? की गोट्यांचा खडक बनून गेल्यावर, पुढे कधीतरी गरम पाणी आत शिरलं आणि सोनं सोडून गेलं? यावर शास्त्रज्ञांत शंभर वर्षं भांडण चाललं. हे भांडण नुसतं पुस्तकी नव्हतं. नदीनं आणलं असेल तर जुन्या नदीपात्राच्या वाटेनं बोगदा न्यायचा. गरम पाण्यानं आणलं असेल तर भेगांच्या वाटेनं. तिथल्या खाणी कुठे कुठे तीन किलोमीटरपेक्षाही खोल गेल्या आहेत. चुकीच्या दिशेचा बोगदा म्हणजे माणसांचे कष्ट आणि पैसा मातीत.

२००२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातले जेसन कर्क, होआकिन रुइझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयत्न केला. सोबतिणीकडे न जाता त्यांनी सोन्याच्याच कणांत अडकलेलं अगदी किंचित रेनियम आणि ऑस्मियम मोजलं. सोन्याचं स्वतःचं घड्याळ नाही, पण त्याच्या पदरात दुसऱ्याचं घड्याळ बांधलेलं होतं म्हणा ना! वय आलं सुमारे ३०३ कोटी वर्षं. आणि गोट्यांचा खडक साचला तो सुमारे २९० कोटी वर्षांपूर्वी आणि त्यानंतर.

म्हणजे घरापेक्षा पाहुणा थोरला. सोनं खडकाहून जुनं असेल, तर ते खडक बनल्यावर आत आलेलं असू शकत नाही. ते आधी कुठल्या तरी डोंगरात होतं, तो डोंगर झिजला, आणि नदीनं गोट्यांबरोबर सोन्याचे कणही आणून टाकले. यानं नदीवाल्यांची बाजू बळकट झाली. वाद अगदीच मिटला असं मात्र नाही. त्या खडकांत पुढेही गरम पाणी फिरलं आणि त्यानं काही सोनं विरघळवून जागच्या जागी हलवलं, याच्या खुणा आहेत. त्यामुळे आज अनेक जण म्हणतात, नदीनं आणलं आणि गरम पाण्यानं मांडामांड बदलली.

मग आपल्या दारातलं काय?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत येऊ. खाणीतल्या सोन्याचं वय काढता येतं, कारण ते अजून आपल्या जागी, आपल्या सोबतिणींमध्ये बसलेलं असतं. एकदा खडक फोडला, सोनं वितळवून शुद्ध केलं, की त्या सोबतिणी खाणीतच राहतात. मग सोनं पेढीवर येतं. आजीची ठुशी मोडून आईच्या पाटल्या, पाटल्या मोडून लेकीचा हार. त्या हारात कोणत्या खाणीचं, कोणत्या काळाचं सोनं किती मिसळलं आहे, हे तो हार सांगू शकत नाही.

म्हणून दारात उभं राहून कुणी "मशीनवर वय निघालंय" म्हणालं, तर ते ऐकून घ्यायचंच नाही. वय काढणारी यंत्रं खोलीभर मोठी असतात, ती पिशवीत मावत नाहीत. आणि समजा, सोनं जुनं असलं तरी त्यानं त्याची शुद्धता वाढत नाही. सराफ पैसे देतो ते वजनाचे आणि शुद्धतेचे.

शुद्धता तपासायची सोय मात्र आपल्या हातात आहे. दागिन्यावर बीआयएसची त्रिकोणी खूण, ९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि अंक-अक्षरांचा मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक पाहा. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला, की दागिन्याची नोंद दिसते. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक असलाच पाहिजे. क्रमांक नाही, पावती नाही, फक्त गोष्ट आहे, तर ती गोष्ट ऐकून दार लावा.

आणि एक. फसलेल्या शेजारणीला कुणी हसू नका. ती अजून घरात सांगायला घाबरते आहे. आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन आल्या, तक्रार लिहून घेतली आहे. तुमच्या वस्तीत असं घडलं असेल तर गप्प राहू नका. एकटीनं जायला अवघड वाटलं तर आम्हाला कळवा.

सोन्याचं खरं वय सोबतीण सांगते, तसं आपल्या अडचणीतही सोबतीणच उपयोगी पडते. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार!